एकाच खोडातून सरपण आणि फळ्या: नवख्यांसाठी मार्गदर्शक

लाकूड जळणासाठी वापरायचे की फळ्यांसाठी, हे पहिला आडवा छेद घेण्यापूर्वी ठरवावे लागते. सरळ, बिनगाठीच्या बुंध्याचे हातभर लांबीचे तुकडे एकदा पाडले की त्यातून लांब फळी निघण्याची शक्यता कायमची संपते. उलट वाकड्या फांदीतून हौसेने फळी काढली, तर ती वाळताना पीळ घेते आणि सगळी मेहनत शेवटी चुलीत जाते. दोन्ही कामांत झगडा मात्र एकाच गोष्टीशी असतो, तो म्हणजे लाकडातल्या पाण्याशी. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या एकूण वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. जळणातून हे पाणी होईल तितक्या लवकर घालवायचे असते, तर फळीतून ते बेताबेताने आणि सर्व बाजूंनी सारखे बाहेर पडू द्यायचे असते. पुढच्या बहुतेक सूचनांमागे हाच फरक आहे.

लाकूड कोठून घ्यावे

नवख्याने सुरुवात आधीच पडलेल्या झाडापासून किंवा छाटलेल्या फांद्यांपासून करावी. जमीन ज्याची असेल त्याची परवानगी घ्यावी, आणि झाड तोडण्याचे व लाकूड वाहून नेण्याचे त्या त्या ठिकाणचे नियम आधी विचारून घ्यावेत, कारण पडलेले झाड हे बेवारस झाड नसते. जमिनीला टेकून भिजत पडलेले लाकूड वरून धड दिसले तरी आतून कुजलेले असू शकते. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकल्यावर टणक आवाज आला तर ते घ्यावे. बद्द आवाज आला किंवा सुरीचे टोक सहज आत गेले तर ते तेथेच सोडावे. पोकळ, किडलेली खोडे पक्ष्यांच्या आणि लहान प्राण्यांच्या उपयोगाची असतात, शिवाय त्यांच्यातून उष्णताही फारशी मिळत नाही. साल न काढलेले ओले लाकूड फार दूर नेऊ नये, कारण सालीखालच्या अळ्या आणि बुरशी त्याच्याबरोबर नव्या प्रदेशात पोहोचतात. देशोदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांसाठी लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे राखण्याचा आंतरराष्ट्रीय नियम याच कारणाने केलेला आहे.

कुंपणाजवळच्या, रस्त्याकडेच्या किंवा अंगणातल्या झाडांच्या बुंध्यात जुने खिळे आणि तारा गिळल्या गेलेल्या असतात. लाकडावर निळसर काळा डाग दिसला तर तो बहुधा लोखंडाचा असतो. अशा बुंध्याचे जळण करावे, पण तो करवतीच्या पात्याखाली घालण्यापूर्वी धातुशोधक फिरवावा.

उभे झाड पाडणे

हे काम वाचून शिकण्यासारखे नाही. अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय त्याला हात घालू नये. तरीही पाहणाऱ्याला काय चालले आहे ते कळावे, म्हणून मूळ रीत येथे देत आहे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत कोणीही माणूस नसावा. झाड ज्या दिशेला पडणार त्याच्या उलट बाजूला, दोन्हीकडे तिरप्या रेषेत, मागे सरकण्याच्या वाटा आधीच मोकळ्या करून ठेवाव्यात. पडण्याच्या बाजूला बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी खोल खाच घेतात आणि मग मागून छेद घेतात, पण तो छेद खाचेला भिडू देत नाहीत. मधे व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी जाड लाकडाची पट्टी राखतात. तीच बिजागरीसारखी वळते आणि झाडाला दिशा देते. ती पट्टी कापली गेली तर झाड कोठे जाईल हे कोणाच्याही हातात राहत नाही. वारा असताना, वर सुकलेल्या फांद्या लटकत असताना किंवा खोड एका बाजूला बरेच झुकलेले असताना काम सुरू करू नये. दुसऱ्या झाडात अडकून राहिलेल्या झाडाखाली कोणत्याही कारणाने जाऊ नये.

खोडाची वाटणी

झाड आडवे झाले की हातात करवत घेण्याआधी खडू घ्यावा. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चालत जाऊन कोणता भाग कशासाठी, हे सालीवर खुणा करून ठरवावे. फळ्यांसाठी सरळ, शक्य तितका गोल आणि कमी निमुळता होत जाणारा भाग निवडावा. त्याचा बारीक टोकाकडचा व्यास निदान 25 ते 30 सेंटिमीटर असावा. त्याहून बारीक ओंडक्यातून फळी निघते खरी, पण तिच्यात मधला कमकुवत गर येतो आणि फळी तेथेच चिरते. सालीवरच्या रेषा खोडाभोवती मळसूत्रासारख्या फिरत असतील तर आतले तंतूही तसेच फिरलेले असतात, आणि त्याची फळी वाळताना पीळ घेतल्याशिवाय राहत नाही.

झुकून वाढलेल्या खोडात आणि सर्वच जाड फांद्यांत, स्वतःचे वजन तोलण्यासाठी झाडाने वेगळ्या प्रकारचे लाकूड तयार केलेले असते. रुंदपर्णी झाडांत ते झुकावाच्या वरच्या बाजूला आणि सूचिपर्णी झाडांत खालच्या बाजूला असते. हे लाकूड लांबीच्या दिशेनेही आकसते, आणि फळीत तेच सर्वांत नकोसे असते. म्हणून फांदी कितीही जाड आणि सुरेख दिसली तरी ती सरपणातच घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओंडक्यात किती लाकूड आहे याचा अंदाज घेण्याची व्यापारातली जुनी पद्धत सोपी आहे: मध्यावरचा घेर मोजावा, त्याचा चौथा हिस्सा घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि लांबीने गुणावे. 30 सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचा घेर सुमारे 94 सेंटिमीटर भरतो, त्याचा चौथा हिस्सा साडेतेवीस, लांबी 2.4 मीटर असेल तर उत्तर सुमारे 0.13 घनमीटर येते. भूमितीप्रमाणे खरे घनफळ 0.17 घनमीटर असते, म्हणजे ही पद्धत जवळजवळ 21 टक्के कमी दाखवते. साल आणि चिरकामातली नासाडी पाहता ही तूट खरेदीदाराच्या सोयीची आहे, हे विकणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आडवे छेद घेताना

फांद्या छाटताना खोड आपल्या आणि करवतीच्या मधे राहील अशा बाजूला उभे राहावे. उतारावर असाल तर नेहमी ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे. चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, वापरायचा असेल तर शिरस्त्राण, डोळ्यांना जाळी किंवा चश्मा, कानांना संरक्षण, पायांना कापरोधक आवरण आणि जाड बूट घातल्याशिवाय तो सुरूच करू नये. साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही टेकला की यंत्र क्षणात तोंडाकडे उसळते. म्हणून टोकाने कापू नये, खांद्याच्या वर यंत्र उचलू नये आणि अंगठा मुठीभोवती घट्ट गुंडाळलेला ठेवावा.

पुष्कळांची करवत ओंडक्यात अडकते, कारण ओंडका कोठे टेकला आहे हे पाहिलेले नसते. दोन्ही टोकांना आधार असून मधे अधांतरी असलेल्या ओंडक्यात वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. एका टोकाला आधार असून दुसरे टोक हवेत असेल तर नेमके उलट होते. नियम असा की आधी दाबाच्या बाजूने व्यासाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शापर्यंत छेद घ्यावा आणि मग ताणाच्या बाजूने उरलेला छेद पूर्ण करावा. याउलट केले तर दाबाखालची फट मिटते आणि पाते आवळले जाते, किंवा ताणलेले तंतू एकदम फाटून ओंडका उसळतो. वाकून दबलेल्या बारीक फांद्या तर याहून धोकादायक असतात. त्या एका घावात न तोडता दाबाच्या बाजूने थोडेथोडे तासत ताण उतरवावा.

सरपणाचे तुकडे चुलीच्या किंवा शेगडीच्या आतल्या लांबीपेक्षा पाच ते आठ सेंटिमीटर कमी ठेवावेत. बहुधा 30 ते 40 सेंटिमीटर लांबी चालते. सगळे तुकडे सारख्या लांबीचे करण्यासाठी काठीवर खूण करून घेतली तर पुढे रचण्याचे काम निम्म्यावर येते. फळ्यांच्या ओंडक्याला मात्र हव्या असलेल्या लांबीपेक्षा निदान 10 सेंटिमीटर जास्त द्यावेत, कारण टोकाला भेगा पडणारच. ओंडका कापल्या दिवशीच त्याच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा जाड रंगाचा थर द्यावा. पाणी तंतूंच्या टोकांतून आडव्या दिशेपेक्षा कितीतरी वेगाने निघून जाते, त्यामुळे उघड्या ठेवलेल्या तोंडांवर भेगा पडायला फार दिवस लागत नाहीत, आणि भेग पडल्यावर लावलेल्या थराचा काही उपयोग होत नाही.

सरपण फोडणे

साल पाण्याला अडवते, म्हणून गोल तुकडा तसाच ठेवला तर दोन उन्हाळे पाहूनही आतून ओला राहू शकतो. बहुतेक जातींचे लाकूड ओले असतानाच सोपेपणाने फुटते. वाळले की गाठी आणखी चिवट होतात. फोडण्यासाठी गुडघ्याइतक्या किंवा त्याहून थोड्या कमी उंचीचा रुंद ठोकळा घ्यावा आणि तुकडा त्याच्या पलीकडच्या कडेला उभा करावा, म्हणजे घाव चुकला तर पाते ठोकळ्यात रुतते, पायाकडे येत नाही. पाय फाकवून उभे राहावे. तुकड्यावर आधीच असलेल्या भेगेच्या रेषेत घाव घालावा. मोठा तुकडा एकदम मधोमध फोडण्याचा हट्ट न धरता कडेने ढलप्या काढत आत जावे. गाठ असलेला भाग खाली ठेवावा. धारदार पातळ कुऱ्हाड लाकडात रुतून बसते. फोडायला जड आणि जाड पात्याची कुऱ्हाड बरी, आणि अगदी अडेल तुकड्याला लोखंडी पाचर व घण. कुऱ्हाडीच्या पाठीवर लोखंडी घणाने ठोकू नये, कारण तिचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. ठोकळ्यावर जुना टायर बसवून त्यात तुकडा उभा केला, तर फुटलेल्या फोडी आजूबाजूला न पडता जागेवरच राहतात आणि दर घावाला वाकावे लागत नाही.

सरपण वाळवणे आणि ते वाळले की नाही हे ओळखणे

एक किलो पूर्ण कोरड्या लाकडातून, जात कोणतीही असो, 18 ते 19 मेगाज्यूल उष्णता मिळते. जातींमध्ये जो फरक जाणवतो तो बहुतेक घनतेचा असतो: बाभळीसारखे जड लाकूड तेवढ्याच जागेत जास्त वजन देते, म्हणून जास्त वेळ जळते. पाण्याचा परिणाम याहून कितीतरी मोठा आहे. एकूण वजनाच्या 20 टक्के पाणी असलेल्या एक किलो लाकडातून सुमारे 14 मेगाज्यूल मिळतात. निम्मे पाणी असेल तर जेमतेम 8. कारण त्या किलोत लाकूडच कमी असते, आणि जी उष्णता मिळते तिच्यातली काही पाण्याची वाफ करण्यात जाते. शिवाय जाळ थंड राहिल्याने धूर पूर्ण जळत नाही आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचतो, जो पुढे कधी पेट घेऊ शकतो.

सरपण उन्हाच्या आणि वाऱ्याच्या जागी, जमिनीपासून वीतभर उंच दांड्यांवर, शक्यतो एकाच ओळीत रचावे. फक्त माथा झाकावा. बाजू उघड्या ठेवाव्यात. सगळी रास प्लास्टिकच्या कागदात गुंडाळणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट उपाय आहे, कारण बाहेर येणारी वाफ आतच थेंब होऊन परत लाकडावर पडते. भिंतीला चिकटवूनही रचू नये. हवेला जाऊ द्यावे आणि वाळवीला वाट देऊ नये, ही त्यामागची दोन कारणे. मऊ, हलके लाकूड एका कोरड्या हंगामात तयार होते. जड लाकडाला वर्ष ते दोन वर्षे द्यावी लागतात.

वाळल्याची लक्षणे सगळ्यांना माहीत असतात: टोकांना भेगा, सुटलेली साल, दोन तुकडे आपटल्यावर येणारा खणखणीत आवाज. पण ही लक्षणे बाहेरच्या थराबद्दल सांगतात. भरवशाची युक्ती अशी की राशीच्या वेगवेगळ्या भागांतले दोन-तीन तुकडे खूण करून ठेवावेत आणि दर महिन्याला त्यांचे वजन करावे; वजन उतरायचे थांबले की लाकूड तेथल्या हवेत जितके वाळू शकते तितके वाळलेले असते. ओलावा मोजण्याचे सुयांचे यंत्र असेल तर तुकडा मुद्दाम नव्याने फोडून त्याच्या आतल्या पृष्ठभागावर सुया टोचाव्यात.

येथे एक घोळ समजून घेतला पाहिजे. जळणाचा व्यवहार करणारे पाण्याचे प्रमाण एकूण वजनाशी मोजतात, तर सुतारकामातले लोक आणि ही यंत्रे कोरड्या लाकडाच्या वजनाशी मोजतात. 130 ग्रॅमचा नमुना 103 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवला आणि तो 100 ग्रॅम भरला, तर सुताराच्या हिशेबाने ओलावा 30 टक्के आणि जळणाच्या हिशेबाने 23 टक्के ठरतो. म्हणून जळणासाठी एकूण वजनाशी मोजून सहसा धरली जाणारी 20 टक्क्यांची मर्यादा यंत्रावर 25 म्हणून दिसते.

रंग दिलेले, रसायनात बुडवलेले किंवा डिंकाने चिकटवलेले लाकूड, प्लायवूडसुद्धा, जाळू नये. जुन्या काळी खांबांना दिलेल्या काही रसायनांत आर्सेनिक असे, आणि ते राखेत उरते. कण्हेरीचे लाकूडही विषारी असल्याने सरपणात घेऊ नये.

ओंडका चिरणे

फळ्यांचा ओंडका तोडल्यानंतर लवकरात लवकर चिरावा; उष्ण दमट हवेत काही आठवड्यांतच रसकाष्ठावर, म्हणजे सालीलगतच्या फिकट भागावर, निळसर बुरशी येते आणि भुंगेरे अंडी घालतात. चिरण्यापूर्वी सालीवरची माती खरवडून काढावी, नाहीतर पात्याची धार पहिल्याच फेरीत जाते.

पात्याच्या जाडीचा हिशेब आधी करावा. चेनसॉला जोडलेल्या चौकटीचा छेद सुमारे आठ मिलिमीटर रुंद असतो, पट्टा करवतीचा दोन ते तीन. 25 मिलिमीटरच्या फळ्या काढताना पहिल्या पद्धतीत जवळजवळ चौथा हिस्सा भुसा होतो, दुसरीत सुमारे दहावा हिस्सा. थोड्या फळ्या काढायच्या असतील तर चौकट परवडते. पुष्कळ असतील तर ओंडका करवतगिरणीत न्यावा. रंधल्यावर 20 मिलिमीटरची फळी हवी असेल तर ती ओली असताना 25 मिलिमीटरहून कमी काढू नये.

ओंडका न फिरवता एकामागून एक समांतर छेद घेणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे आणि नवख्याने तीच वापरावी. तीत मधल्या दोन-तीन फळ्यांमध्ये वाढीची वलये फळीच्या रुंद बाजूला जवळजवळ काटकोनात उभी येतात. या फळ्या सर्वांत स्थिर असतात, कारण लाकूड वलयांच्या दिशेने जितके आकसते त्याच्या साधारण निम्मेच ते मध्याकडून सालीकडे आकसते, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. मधला गर असलेली पट्टी उभी चिरून काढून टाकावी आणि तिला सरपणात पाठवावे. कडेच्या फळ्यांवर वलये आडवी येतात. अशी 20 सेंटिमीटर रुंद फळी वाळेपर्यंत एखादा सेंटिमीटर रुंदी गमावू शकते आणि सालीकडच्या बाजूने पन्हळीसारखी खोलगट होते. म्हणून या फळ्या अरुंद ठेवाव्यात किंवा जेथे थोडा बाक चालेल तेथे वापराव्यात.

फळ्या वाळवणे

लाकडाच्या पेशींच्या पोकळीतले पाणी आधी जाते, आणि ते जाताना लाकूड आकसत नाही. ओलावा 28 ते 30 टक्क्यांच्या खाली आला, की पेशींच्या भिंतींतले पाणी निघू लागते आणि आकसणे सुरू होते. ओल्या फळीचा बाहेरचा थर उन्हात या टप्प्याखाली पटकन येतो, आतला भाग अजून ओला आणि फुगलेलाच असतो, आणि त्या ओढाताणीत पृष्ठभाग फाटतो. सरपणाच्या जागी फळ्या का ठेवू नयेत, याचे उत्तर एवढेच. फळ्यांना सावली हवी, वरून पक्के छत हवे, आणि हवा खेळती पण सौम्य हवी.

जमिनीपासून 30 ते 45 सेंटिमीटर उंचीवर, सपाटी तपासून, भक्कम आडवे दांडे टाकावेत. पाया वाकडा असेल तर त्यावर वाळलेली प्रत्येक फळी त्याच वाकडेपणात कायमची घट्ट होते, म्हणून येथे घालवलेला वेळ वाया जात नाही. फळ्यांच्या प्रत्येक थरामध्ये 20 ते 25 मिलिमीटर जाडीच्या, सारख्या मापाच्या, पूर्ण वाळलेल्या पट्ट्या 40 ते 60 सेंटिमीटर अंतराने ठेवाव्यात. ओल्या पट्ट्यांमुळे फळीवर आडवे डाग उमटतात आणि ते रंध्यानेही पुरते जात नाहीत. वरच्या थराची पट्टी खालच्या थराच्या पट्टीच्या अगदी वर आली पाहिजे आणि प्रत्येक ओळीखाली पायाचा दांडा असला पाहिजे. शेवटच्या पट्ट्या फळीच्या टोकांशी टेकवून ठेवाव्यात. सर्वांत वर खराब फळ्या ठेवून त्यांवर दगडांचे किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांचे वजन द्यावे. ज्या लाकडाच्या रसकाष्ठात पिष्ट (स्टार्च) जास्त असते, त्याच्या फळ्यांना रचण्यापूर्वी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाचा हात दिल्यास पीठ पाडणारे भुंगेरे दूर राहतात.

उघड्या हवेत 25 मिलिमीटर जाडीला साधारण एक वर्ष, असा ठोकताळा आहे. हलके लाकूड त्याआधी तयार होते. पण जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून जास्त लागतो, हे ठोकताळ्यात दिसत नाही. उघड्या हवेत ओलावा बहुधा 12 ते 18 टक्क्यांवर येऊन थांबतो, आणि तेथल्या हवेतील दमटपणाप्रमाणे तो वर्षभर थोडा खाली-वर होत राहतो. घरातल्या कपाटासाठी वा टेबलासाठी लाकूड याहून कोरडे लागते, म्हणून कामाला घेण्यापूर्वी फळ्या काही आठवडे त्याच खोलीत, पुन्हा पट्ट्या घालून ठेवाव्यात. रंधताना दोन्ही बाजूंनी सारखेच लाकूड काढावे. एकाच बाजूने खोल रंधले तर आतला थोडा जास्त ओला भाग त्या बाजूला उघडा पडतो आणि सकाळी सपाट असलेली फळी संध्याकाळपर्यंत वाकते.